चार अंशांची तूट

पठारावरच्या एका गावात, माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत, आठवीतल्या एका मुलीने चंचुपात्रात पाणी तापवले आणि ते शहाण्णव अंशांना उकळले. घटना एवढीच. कोणी भाजले नाही, काही फुटले नाही, खिडकीचा पडदासुद्धा पेटला नाही. पण पुढे जे जे घडत गेले ते पाहता, त्या दिवशी निदान पडदा तरी पेटायला हवा होता, असे विज्ञानाच्या सरांना पुष्कळदा वाटले. पेटलेल्या पडद्याचे काय करायचे याचा नियम शाळेत होता.

हे सर तात्पुरते होते. तसे पाहिले तर आपण सगळेच तात्पुरते आहोत, पण सर आदेशान्वये तात्पुरते होते. त्यांची नेमणूक दर वार्षिक सुट्टीत संपायची आणि शाळा उघडली की पुन्हा सुरू व्हायची. मधल्या काळात ते नेमके कोण असतात, हे कार्यालयालाही सांगता येत नसे. शाळेच्या मागे एक पत्र्याची शेड होती. नवी इमारत होईपर्यंत वापरायची म्हणून उभी केलेली ती शेड मध्यंतरी कागदोपत्री कायम झाली होती, आणि सर अजून तात्पुरतेच होते. मुले त्यांना पाठीमागे 'तात्पुरते सर' म्हणत. शेडला कोणी काही म्हणत नसे.

यंदा मात्र वरून इशारा आला होता. विज्ञान प्रदर्शनाची तपासणी एकाही वाकड्या शेऱ्याशिवाय पार पडली, तर सरांच्या कायम नेमणुकीच्या फाईलवर सही होणार होती. त्यामुळे सर त्या दिवसांत श्वाससुद्धा नियमात बसेल एवढाच घेत होते.

आणि नेमके त्याच दिवसांत पाणी चार अंश आधी उकळवणारी मुलगी ही सरांची सख्खी भाची निघाली. अंगाने काडी, वागायला सरळ, म्हणून घरात तिला सगळे सुतळी म्हणत. तिची आई दवाखान्यात परिचारिका होती आणि पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, म्हणून सुतळी बराचसा वेळ मामाच्याच घरी असे. प्रदर्शनासाठी तिने विषय घेतला होता, 'पाण्याचा उत्कलनबिंदू कशाकशावर अवलंबून असतो?' सरांनी तो डोळे झाकून मंजूर केला होता. पाणी फुकट, काड्यापेटी शाळेची आणि उत्तर पुस्तकात छापलेले. याहून निर्धोक विषय त्यांना सुचलाच नसता.

शाळेत प्रयोग करण्याची एक रीत ठरून गेलेली होती. आधी सर निष्कर्ष सांगत. मग निष्कर्षाला शोभतील अशी निरीक्षणे मुले उलट्या गणिताने काढत. आणि तास संपायला वेळ उरला, तर प्रयोग. प्रयोगामुळे निष्कर्ष बिघडण्याचा संभव असतो, हे शाळेला अनुभवाने कळलेले होते. सुतळीने कोणालाही न विचारता प्रयोग आधी केला. बाकीच्या साऱ्या गोष्टी या एका आगाऊपणातून निघाल्या.

तिने पाणी पसरट भांड्यात उकळले, उंच भांड्यात उकळले. कपभर घेतले, पातेलंभर घेतले. दिवा बारीक ठेवला, मोठा केला. मोठ्या ज्योतीवर पाणी लवकर उकळले, पण उकळले ते शहाण्णवलाच. साखर घातली तर आकडा जरासा सरकला आणि मीठ घातले तर चांगलाच सरकला. साधे पाणी मात्र शहाण्णवच्या पुढे ढिम्म हलेना. सरांनी तिला सांगितले की घाई झाली असेल, शंभर होईपर्यंत थांबायचे असते.

"मी थांबले होते, सर," सुतळी म्हणाली. "पाणी संपलं."

"मग जरा जास्त घ्यायचं."

"घेतलं. तेही संपलं."

सरांनी शाळेतल्या सगळ्या तापमाप्या गोळा केल्या आणि ते स्वतः पाणी उकळायला बसले. एकजात सगळ्या शहाण्णव दाखवू लागल्या. एक तेवढी निराळी होती. ती मागच्या तपासणीला आलेल्या साहेबांच्या हातून पडली होती आणि तेव्हापासून उकळत्या पाण्यातही अडतीसवरच ठाम होती. सरांना तिच्याविषयी जरा आदर वाटला. बाकीच्या तापमाप्यांनी आपसात संगनमत केले आहे, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली.

सुतळीने मग पुस्तक उघडून दाखवले. धड्याच्या शेवटी एका निळ्या चौकटीत बारीक अक्षरात छापले होते की शंभर हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी आधीच उकळते. गाव पठारावर होते. खालून येणारी बस वळणे घेत वर चढायची तेव्हा निम्म्या प्रवाशांचे कान बंद व्हायचे. सरांना हे सारे ठाऊक होते. पदवीला असताना त्यांनी याच प्रश्नाचे उत्तर आकृतीसह लिहिले होते.

"चौकटीतलं परीक्षेला नसतं," सर म्हणाले.

"पण खरं असतं ना?"

"खरं असतं. पण परीक्षेला नसतं. तू शंभर लिही आणि मोकळी हो."

सुतळी मोकळी होईना. त्या संध्याकाळी घरी बटाटे सोलता सोलता तिने सगळा प्रकार मामीला सांगितला, आणि मामीच्या हातातली सुरी थांबली. मामी खालच्या सपाटीवरून या गावात लग्न होऊन आली होती. माहेरी तिच्या हातचे बटाटे झटपट शिजत. इथे आल्यावर त्याच हातांनी, तेवढ्याच वेळात उकडलेले बटाटे मध्ये कच्चे राहू लागले आणि सासूबाईंनी साऱ्या नात्यागोत्यात सुनेचा हातच थंड असल्याचे जाहीर करून टाकले. पुढे कुकर आला आणि प्रकरण मिटले, पण आळ काही पुसला गेला नव्हता.

"म्हणजे तो चार अंशांचा घोळ होता," मामी नवऱ्याकडे वळून म्हणाली. "आणि तुम्ही विज्ञान शिकवत होतात. तेव्हाही."

सरांनी वर्तमानपत्र जरा वर धरले. कायम झाल्यावर आईचा गैरसमज दूर करण्याचा विचार त्यांनी त्या क्षणी मनात नोंदवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकरण मुख्याध्यापिकेकडे नेले. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे. मोठ्या बाईंनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या, म्हणजे पुस्तकाची आणि पाण्याची. मग त्यांनी विचारले की पुस्तक मंडळाने मंजूर केलेले आहे ना. सर हो म्हणाले.

"आणि पाणी?" मोठ्या बाईंनी विचारले.

पाण्याला कोणाचीच मंजुरी नव्हती. तेव्हा चूक कोणाची हे उघड होते. पाण्याला थेट कारणे दाखवा नोटीस काढावी, असे मोठ्या बाईंच्या मनात आले होते. पण नोटीस चिकटवायची कशाला, या मुद्द्यावर ते मागे पडले. अखेर त्यांनी पाणीपुरवठा खात्याला फोन लावला आणि आपल्याकडून येणारे पाणी दर वेळी चार अंश कमी भरते, अशी तक्रार नोंदवली. तिथल्या अभियंत्याने सौम्य शब्दांत सांगितले की खात्याची जबाबदारी नळाच्या तोंडाशी संपते. पुढे पाणी कसे वागते, हा ज्याच्या त्याच्या संस्कारांचा प्रश्न आहे. मात्र तक्रार शाळेची असल्यामुळे त्याने ती शिक्षण कार्यालयाकडे माहितीसाठी पाठवून दिली. माहितीसाठी पाठवलेली गोष्ट कोणी वाचत नाही, या भरवशावर जग चालते. या वेळी ती चुकून वाचली गेली.

प्रदर्शनाला अवकाश असतानाच तपासणी अधिकारी येऊन थडकले. साहेब अंगाने बारीक होते आणि खुर्चीत कधी टेकून बसत नसत, कारण टेकलेला माणूस फसवला जातो असे त्यांचे मत होते. त्यांनी प्रयोग समोर करायला लावला. पाणी खळखळा उकळू लागले, वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला, आणि पारा शहाण्णववर जाऊन थांबला. साहेबांनी चष्मा पुसला आणि ते विचार करायला लागले. त्यांनी विचार केला नसता तर निभावले असते.

विद्यार्थ्यांना उकळून थंड केलेलेच पाणी प्यायला द्यावे, असा नियम होता. साहेबांनी तो पाठ म्हणून दाखवला. उकळलेले म्हणजे काय, तर उत्कलनबिंदूला पोहोचलेले. उत्कलनबिंदू किती, तर अभ्यासक्रमानुसार शंभर. आणि या शाळेत पाणी शहाण्णवच्या पुढे जात नाही, हे शाळेनेच तक्रार करून मान्य केलेले. याचा अर्थ ही शाळा स्थापन झाल्यापासून येथे पाण्याचा एकही थेंब उकळलेला नाही.

"उकळतंय ना साहेब, समोरच आहे," सर घसा खाकरून म्हणाले. "बुडबुडे बघा."

"बुडबुडे नियमात नाहीत," साहेब म्हणाले.

त्याच दुपारी पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना सील लागले. मुले घरून बाटल्या आणू लागली, आणि ते अनधिकृत पाणी दप्तरात लपवून, बाकाखाली वाकून पिऊ लागली. शिक्षकांच्या खोलीतला चहा बंद झाला, कारण ज्याला आजवर चहा समजले जात होते ते न उकळलेले रंगीत पाणी असल्याचे आता सिद्ध झाले होते. ज्यांनी कधी प्रयोगशाळेचे दार पाहिले नव्हते, ते भाषेचे आणि इतिहासाचे शिक्षक दिवसातून दोनदा सरांकडे येऊन पाऱ्याची चौकशी करू लागले. विज्ञानाविषयी एवढी आस्था शाळेत पूर्वी कधीच दिसली नव्हती.

नियम एका शाळेपुरता ठेवणे अन्यायाचे झाले असते, म्हणून तो गावभर लागू झाला. दवाखान्यात बाळांच्या बाटल्या उकळण्यावर बंदी आली तेव्हा सुतळीच्या आईने भावाला गाठून चार शब्द ऐकवले. आपण काही पाणी बनवलेले नाही, असे सर म्हणाले. "बनवलं नाहीस, पण तोंडात धरून गप्प बसला आहेस," ताई म्हणाली आणि पाळीवर निघून गेली. नाक्यावरच्या चहावाल्याला आपल्या टपरीवर 'येथे न उकळलेला चहा मिळतो' अशी पाटी लावावी लागली. तो रडकुंडीला आला होता. पण आठवड्याच्या आत खालून गाड्या भरभरून लोक येऊ लागले. उकळीमुळे चहातला जीव मरतो, आणि इथला चहा मरायच्या आत उतरवलेला असतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. ते कप दोन्ही हातांत धरत, डोळे मिटत आणि फरक जाणवतो म्हणत. चहावाल्याने भाव वाढवला, तेव्हा त्यांना फरक आणखी जाणवला.

शाळेपुरता साहेबांनी मार्गही काढून दिला. पाणी शंभर अंशांपर्यंत तापवावे आणि त्यावर एका शिक्षकाने लक्ष ठेवावे. त्याप्रमाणे शेडमध्ये चुली लागल्या आणि प्रत्येक पातेल्यामागे एक उकळ-पर्यवेक्षक बसला. पाणी शहाण्णवला उकळे, शहाण्णवलाच आटे आणि अखेर पातेले तेवढे शंभरच्या पार जाऊन काळे पडे. शाळेतली भांडी जळाली, मग शेजारपाजारची जळाली. पर्यवेक्षक रोज सायंकाळी वर कळवत की आजचे पाणी शंभरला पोहोचण्याआधीच गैरहजर झाले. सरांनी फाईलचे काय झाले म्हणून चाचपून पाहिले. आधी पाणी, मग तुम्ही, असे उत्तर मिळाले. आता सरांचे कायम होणे सर्वस्वी पाण्याच्या हातात गेले होते, आणि पाणी त्यांना किती जुमानते हे त्यांनी पाहिलेच होते.

मग समिती नेमली गेली. तीत साहेब होते, मोठ्या बाई होत्या आणि तज्ज्ञ म्हणून याच शाळेचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. सर कोपऱ्यात उभे होते. तात्पुरत्या माणसाला समितीसमोर बसता येते की नाही, याबद्दल एकमत झाले नव्हते. शाळा उचलून समुद्रसपाटीला न्यावी, अशी एक सूचना आली, पण वर्षाच्या मध्येच मुलांची गैरसोय झाली असती. हवेचा दाब वाढवावा, ही सूचना जवळजवळ मान्य झाली होती. पण हवा कोणत्या खात्याकडे येते ते कोणालाच सांगता येईना. मोठ्या बाईंनी भीत भीत कुकरचे नाव काढले. कुकरमध्ये पाणी शंभरच्याही वर जाते, हे साहेबांनी मान्य केले. मात्र झाकण लावल्यावर आतले शंभर कोणाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या शंभरवर आपण सही करणार नाही, असे ते म्हणाले.

सभा निष्फळ उठणार, प्रदर्शन उद्यावर आलेले, फाईल साहेबांच्या पिशवीत, अशा त्या घटकेला सरांच्या तोंडून शब्द निघून गेला.

"मीठ," सर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. मग सरांनी सुतळीचे कोष्टक काढून समजावून सांगितले. पाण्यात मीठ घातले की ते उशिरा उकळते. लिटरला जवळजवळ पाव किलो घातले तर चार अंशांची तूट भरून निघते आणि पारा बरोबर शंभरवर येतो. पुस्तक खोटे पडत नाही, तापमापी खोटी पडत नाही आणि पाण्याला उकळल्याचे प्रमाणपत्र मिळते. ते पाणी पिता येईल का, असा प्रश्न समितीपुढे नव्हता, त्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही. साहेब आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीला टेकले. भाचीने खरी म्हणून मांडलेली एक गोष्ट आपण तिचीच दुसरी खरी गोष्ट गाडायला वापरली, हे सरांच्या लक्षात आले. पण त्याच वेळी त्यांना बसायला खुर्ची मिळाली.

प्रदर्शनाच्या दिवशी दालनाच्या मधोमध मोठे पातेले चढवले होते. मीठ आदल्या संध्याकाळीच घालून ढवळून ठेवले होते. पारा अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव करत शंभरवर आला आणि टाळ्या पडल्या. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. तेही खारट होते, पण ते कोणी तपासले नाही. त्याच पाण्याचा चहा करून पाहुण्यांना देण्यात आला. सुतळी आपल्या टेबलामागे, दोन वेण्या घालून, हात मागे बांधून उभी होती. तिच्या टेबलावरचा साध्या पाण्याचा तक्ता मोठ्या बाईंनी सकाळीच उलटा करून ठेवला होता.

साहेबांनी पहिला घोट घेतला. त्यांच्या मानेची एक शीर हलली आणि दोन्ही कान हळूहळू लाल झाले. दालनात कोणी हलेना. साहेबांनी घोट गिळला आणि रुमालाने ओठ टिपले.

"उकळलेल्या पाण्याची चवच वेगळी," ते म्हणाले.

मग सगळ्यांनी घोट घेतले. चहाला आज उठाव आहे, असे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ कुंडीकडे तोंड करून उभे राहिले. मोठ्या बाईंनी कप संपवला. त्या शिस्तीच्या होत्या. सरांनीही प्यायला. काहीही गिळले तरी चेहऱ्यावर समाधान ठेवणे त्यांना इतक्या वर्षांच्या नोकरीत साधलेले होते. एवढी माणसे एकाच वेळी एकच गोष्ट गिळत असतील, तर ती चहाच असली पाहिजे, असे मागे उभ्या असलेल्या मुलांनाही पटत चालले होते.

साहेब खुशीत होते. खुशीत आले की ते मुलांना प्रश्न विचारत. ते सुतळीपुढे जाऊन उभे राहिले आणि आपल्याकडे पाणी किती अंशांना उकळते, असे त्यांनी गोड आवाजात विचारले.

"साधं की मिठाचं?" सुतळीने विचारले.

"पाणी गं बाळ. आपलं पाणी."

"साधं शहाण्णवला उकळतं," सुतळी म्हणाली. "इथे मीठ घातलंय."

पातेल्यातले बुडबुडे दालनभर ऐकू येऊ लागले. साहेबांनी सावकाश मान वळवली. फाईल त्यांच्या बगलेत होती आणि तिचा कोपरा सरांना स्पष्ट दिसत होता. मुलगी म्हणते ते बरोबर आहे का, असे साहेबांनी सरांना विचारले. सुतळीने मामाकडे पाहिले. ती घाबरलेली नव्हती. मामाला खरे ठाऊक आहे हे तिला ठाऊक होते, त्यामुळे घाबरण्याचे तिला काही कारणच दिसत नव्हते.

"चुकलं तिचं, साहेब," सर म्हणाले. "लहान आहे. शंभरच."

सुतळीने मान खाली घातली आणि उलटा ठेवलेला तक्ता टेबलाच्या कडेशी नीट सरळ केला. सरांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. फाईलवर सही होत असताना ती वाटत राहिली, आणि लोक अभिनंदन करायला पुढे आले तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली. प्रदर्शनात पहिले बक्षीस एका कारंज्याला मिळाले. ते चालू झाले नव्हते, पण त्याचे आलेले उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळत होते.

संध्याकाळी सर घरी आले तेव्हा मामीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. पहिल्याच घोटाला सरांनी कप खाली ठेवला.

"प्रमाणित आहे," मामी म्हणाली. "प्या."

सुतळी ओट्याशी उभी होती. घरात ती सरांना मामा म्हणत असे आणि अरेतुरे करत असे. त्या दिवशी ती म्हणाली, "सर, आता तुम्ही कायम झालात ना? आता तुम्हाला कुणी काढू शकत नाही. मग उद्या सांगाल?"

त्या 'सर'ने सरांच्या काळजाला घरे पडली. त्यांनी तिला जवळ बोलावून समजावले की तात्पुरत्या माणसाला एकच भीती असते, पण कायम माणसाला वेतनवाढ असते, बढती असते, पुढे पेन्शन असते. जितके जास्त मिळते तितके जपावे लागते. मोठी झालीस की कळेल. सुतळीने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि मग निवृत्त झाल्यावर माणसाला बोलता येते का, असे विचारले. येत असावे, असे सर म्हणाले. एवढ्या लांबचा विचार त्यांनी केलेला नव्हता.

तेव्हा सुतळी दुसऱ्या दिवशी निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी गेली. म्हातारबुवा अंगणात पाइपने झाडांना पाणी घालत होते. त्यांनी इकडे तिकडे पाहून नळ बंद केला आणि हळू आवाजात कबूल केले की त्यांच्या वेळीही शहाण्णवच होते. त्यांनी स्वतः मोजले होते, आणि त्यांच्या आधीच्यांनीही मोजले होते म्हणे. मग आता सांगायला काय हरकत आहे, असे सुतळीने विचारले. आता तर त्यांच्याकडे जपण्यासारखेही काही नव्हते.

"आता सांगितलं तर लोक विचारतील, तेव्हा का नाही सांगितलंत," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा नळ सोडला.

सुतळी परत निघाली. तिला रडू येत होते, पण रस्त्यावर माणसे होती, म्हणून ती रडली नाही. तिने नाक पुसले आणि समोरून येणाऱ्या शिंप्याला विचारले की पाणी किती अंशांना उकळते. शंभर, तो चालता चालता म्हणाला. तुम्ही मोजलेय का, असे तिने विचारले. त्याने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने त्याच्या आईबापाबद्दल काही विचारले होते. बसच्या चालकानेही शंभर म्हटले, आणि ती बस रोज समुद्रसपाटीपासून वर चढत होती. डॉक्टरांनी शंभर म्हटले. टपरीवर डोळे मिटून शहाण्णव अंशांचा चहा पिणाऱ्या पाहुण्यांनीही, डोळे न उघडता, शंभरच म्हटले. पहिल्या प्रश्नाला सगळे प्रेमाने उत्तर देत. दुसरा विचारला की ज्याला त्याला कुठेतरी जायचे असे.

गाव संपल्यावर ती थांबली नाही. तापमापी खिशात घालून ती खाली उतरली, दुसऱ्या गावात गेली, मग शहरात. असे फिरत फिरत ती आता तुमच्या दाराशी येऊन उभी राहिली आहे. पहिला प्रश्न तिने विचारलादेखील, आणि तुम्ही मनातल्या मनात उत्तरही देऊन टाकलेत. हसत हसत दिलेत, तिला ते ऐकू आले. ती आता दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबली आहे.